जुन्या वाड्याच्या अकरा खिडक्या: दुरुस्त कराव्यात की नव्या घडवून घ्याव्यात?

आर्वीकडचा_वाडा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या गावी जुना वाडा आहे. जोत्यावर तीनेक फूट पक्की वीट, त्यावर कच्ची वीट आणि गारा, वर कवेलू. भिंतीची जाडी २२ ते २४ इंच. खिडक्या अकरा, सगळ्या सागवानी. चौकटीचं बाहेरचं माप साधारण ३३ इंच रुंद, ५१ इंच उंच, पण एकही खिडकी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. प्रत्येकीला चार पल्ले, खाली दोन आणि वर दोन, सगळे आत उघडणारे. बाहेरच्या अंगाला उभे गोल गज.

सध्याची स्थिती अशी. पश्चिमेकडच्या चार खिडक्यांची तळपट्टी (चौकटीचं खालचं आडवं लाकूड) कुजली आहे. एका चौकटीला उधई (वाळवी) लागली आहे. दोन खिडक्यांभोवती पूर्वी कधीतरी सिमेंटचं प्लास्टर झालंय आणि सगळ्यात खराब लाकूड नेमकं तिथलंच आहे. बाकीच्यांचे पल्ले पावसाळ्यात अडतात, उन्हाळ्यात फटीतून उजेड दिसतो, एवढंच.

गावातले मिस्त्री म्हणतात सगळ्या काढून नवीन सागवान लावा. नागपूरचे दुकानदार यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या खिडक्या) सुचवतात. मला विचारायचंय ते असं: कोणती खिडकी ठेवायची आणि कोणती बदलायची हे ठरवायचं कसं? नवी करायची तर लाकूड कोणतं, किती आणि कोणत्या मापाचं? मातीच्या भिंतीत चौकट पक्की कशी बसवायची? आणि सुताराला काम देताना काय काय लिहून घ्यावं?

रंधा_पटाशी

भाऊ, निर्णय लाकूड टोचून घ्या, वरवर बघून नको. दाभण घ्या आणि प्रत्येक चौकटीच्या चार जागा तपासा: तळपट्टीची दोन्ही टोकं, उभ्या लाकडांचा खालचा एक फूट, गज तळपट्टीत शिरतात ती भोकं, आणि वरच्या आडव्या लाकडाची भिंतीत गेलेली टोकं. हाताच्या साध्या दाबाने दाभण दोन सुतांपेक्षा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त शिरलं तर तिथलं लाकूड गेलं समजा. खडूने खूण करत चला. ही तपासणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करा. मे महिन्यात कुजकं लाकूडसुद्धा वाळून टणक लागतं आणि फसगत होते.

कूज तळपट्टीत आणि उभ्याच्या खालच्या एका फुटात असेल तर चौकट दुरुस्त होते. वरचे कोपरे हलत असतील किंवा उभं लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर ती नवी करा. तुम्ही लिहिलंय त्यावरून अकरापैकी तीन, फार तर चार नव्या लागतील. बाकीच्यांत आहे ते दाट वाढीचं, वर्षानुवर्षं वाळून स्थिर झालेलं सागवान. तसं लाकूड आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही. ते मोडीत घालू नका, कळकळीने सांगतो.

दुरुस्तीची पद्धत: तळपट्टी अर्धी जोडू नका, अख्खी नवी घाला. उभ्याचं कुजकं टोक, आणि त्याच्या वरचं दोन इंच चांगलं लाकूडही, कापून टाका. काप आडवा सरळ नको, तिरका हवा, लांबी लाकडाच्या जाडीच्या तिप्पट. अडीच इंच जाडीला साडेसात-आठ इंच. कापाचा उतार बाहेरच्या अंगाला ठेवा, म्हणजे सांध्यात शिरलेलं पाणी बाहेर पडेल. उतार उलटा पडला तर पाणी सांध्यातच बसून राहतं. जोडाला साधा पांढरा सरस नको, ओलाव्यात सुटतो. दोन भाग मिसळायचा इपॉक्सी वापरा, आणि वरून तीन सुती दोन सागवानी किंवा बांबूच्या खुंट्या आरपार ठोका. खिळे नकोत. ते गंजले की फुगतात आणि जोड आतून फाडतात.

चौकट काढण्याआधी एक गोष्ट नक्की करा. खिडकीवरची लाकडी तुळई भार घेते, चौकट घेत नाही, असं सगळे धरून चालतात. जुन्या घरात मात्र तुळई मधे झुकून चौकटीवरच टेकलेली असते. तुळईच्या खालच्या अंगाला टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणा. मधे पाव इंचाहून जास्त झोळ दिसला, किंवा चौकट आणि तुळई यांच्यात कागदही सरकत नसेल, तर आतून एक आणि बाहेरून एक टेकू देऊन मगच हात लावा. एका वेळी एकच खिडकी उघडा. शेजारशेजारच्या दोन कधीच नाही.

आता नव्या खिडकीची मापं. चौकट रंधून पावणेचार बाय सव्वादोन इंच हवी असेल तर करवतीचं लाकूड चार बाय अडीच लागतं. व्यापारी पैसे करवतीच्या मापाचे घेतो आणि सुतार माप रंधलेलं बोलतो, म्हणून दोन्ही मापं कागदावर लिहून घ्या. तुमच्या खिडकीचा हिशोब करून देतो. उभी दोन, प्रत्येकी ५१ इंच. आडवी तीन (वर, मधे, खाली), रुंदी ३३ आणि भिंतीत गाडायला दोन्हीकडे सहा-सहा इंच जास्त, म्हणजे प्रत्येकी ४५. एकूण २३७ इंच, म्हणजे पावणेवीस फूट, घनफळ १.३७ घनफूट. मधलं आडवं भिंतीत गाडायचं नसेल तर तेवढं कमी धरा. चार पल्ल्यांचा सांगाडा तीन बाय दीडच्या लाकडाचा (रंधून सव्वा इंच जाड), तो जवळपास पाऊण घनफूट. पॅनेलला, म्हणजे सांगाड्याच्या आत बसणाऱ्या भरावाला, इंची फळी, ०.४ घनफूट. कापातली नासाडी धरून एका खिडकीला तीन घनफूट चिरलेलं लाकूड सांगा. कोणी पाच सांगितलं तर कुठे लागतं ते लिहून मागा.

पॅनेल खाचेत सैल राहिलं पाहिजे. सांगाड्यात खाच चार सूत खोल, पॅनेल आत तीन सूत, म्हणजे दोन्ही अंगाला एक-एक सूत मोकळं. सागवान आडवं फुगतं-आखडतं. ओलावा एक टक्क्याने बदलला की पाटकापाच्या (गाभ्यातून नाही, कडेने सपाट कापलेल्या) फळीची रुंदी साधारण ०.२ टक्के बदलते. पावसाळ्यातल्या १४ टक्क्यांवरून मे महिन्यात ७ वर आलं तर दहा इंची फळी एक सुताहून थोडी जास्त आखडते. पॅनेल सरसाने चिकटवलं किंवा खिळ्याने ठोकलं तर ते मधोमध तडकणारच. रंगारी खाचेत पुट्टी भरून पॅनेल जाम करतात, त्याने हेच होतं, म्हणून त्यालाही आधीच सांगून ठेवा.

आणि तळपट्टी. वरचा पृष्ठभाग बाहेरच्या अंगाला उतरता, चार इंचात अर्धा इंच उतार. बाहेरच्या कडेपासून अर्धा इंच आत, खालच्या अंगाला दोन सुती खाच लांबीभर मारायची, म्हणजे पाणी कडेवरून वळून भिंतीत न जाता तिथेच थेंबाने खाली पडतं. तुमचे पल्ले आत उघडणारे आहेत, त्यांच्या तळाशी पाऊस आत येतो. म्हणून खालच्या पल्ल्यांच्या बाहेरच्या अंगाला तळाशी उतरती पट्टी लावा, दीड इंच पुढे आलेली आणि तिच्याही खाली तशीच खाच. गजांच्या मागे ती बसेल एवढी जागा आहे का ते आधी मोजून घ्या. पश्चिमेच्या तळपट्ट्या कुजल्या त्या हा उतार आणि ही खाच नसल्यामुळेच, कारण आपल्याकडे पावसाचा वारा नैऋत्येचा आणि दुपारचं ऊनही त्याच भिंतीवर.

गज चार सुती असतील तर तळपट्टीतली भोकं आरपार नकोत, वरून एक इंच खोल पुरतात. गजाचं टोक रेड ऑक्साइडमध्ये बुडवून वाळवून मगच घाला, आणि भोकाचं तोंड जवसाच्या तेलात मळलेल्या खडूच्या पुट्टीने बंद करा. गंजलेला गज फुगून तळपट्टी उभी चिरतो. दोन गजांतलं मध्य ते मध्य अंतर चार इंच.

वखारीवरून

लाकडाबद्दल लिहितो. आपल्याकडे 'सीपी टीक' हा शब्द अजून चालतो. जुन्या सेंट्रल प्रोव्हिन्सेसचं, म्हणजे बल्लारशा, आलापल्ली, चंद्रपूर पट्ट्यातलं सागवान. अयोध्येच्या मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून लाकूड गेलं, तेव्हापासून दुकानात प्रत्येक फळीला बल्लारशाचं नाव लागतं. नावावर जाऊ नका, लाकूड बघा. घाना, सुदान, इक्वेडोरकडचं बागायती सागवानही इथे सर्रास विकलं जातं. ते वाईटच असतं असं नाही, पण कोवळं असलं की त्यात पांढरा भाग फार असतो.

तो पांढरा भाग, सालीलगतचा, खरी अडचण आहे. त्याला घुण लागतो, पीठ पडतं, उधई आधी तिथेच शिरते. गाभ्याचं लाकूड टिकतं, पांढरं टिकत नाही. काही ठिकाणी पांढऱ्यावर रंग मारून गाभ्यासारखं दाखवतात. फळीचं टोक पटाशीने एक सूत तासून बघा, खरा रंग तिथे कळतो. चौकटीच्या लाकडात पांढरं अजिबात नको. पल्ल्याच्या आतल्या कडेला एखादं सूत आलं तर चालवून घेता येतं.

सुकलेलं आहे का? दुकानदार 'दोन वर्षं पडलंय' म्हणेल. ओलावा मोजायचं टोचणारं यंत्र सुताराकडे असेल तर फळीच्या मध्यावर लावा, टोकाला नाही, टोक नेहमी जास्त कोरडं असतं. १० ते १२ टक्के हवा. यंत्र नसेल तर टोकापासून फूटभर सोडून एक बोटभर तुकडा कापा, ग्रॅमच्या काट्यावर तोला, १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा (साधारण दिवसभर), पुन्हा तोला. २३० ग्रॅमचा तुकडा २०५ झाला तर २५ भागिले २०५, म्हणजे १२ टक्के. भागायचं कोरड्या वजनाने, ओल्याने नाही. सुकलेलं सागवान घनफुटाला १८ किलोच्या आसपास भरतं. त्याच मापाचं २४-२५ किलो भरलं तर ओलं आहे.

ओलं स्वस्त मिळालं म्हणून घेतलंत तर एक इंच जाडीला एक वर्ष धरा. जमिनीपासून फूटभर वर, दर दोन फुटांवर इंची पट्ट्या घालून, सावलीत. टोकांना जाड रंग किंवा मेण लावा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडं ठेवलं तर टोकाकडून फुटत आत जातं.

गोल लाकूड घेत असाल तर घनफळ असं काढतात: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ४८ इंच घेर आणि १० फूट लांबी असेल तर १० घनफूट. प्रत्यक्षात लाकूड थोडं जास्त असतं, पण साल, वाक आणि चिरकामात निम्म्याच्या आसपास जातं. पाच-सहा घनफूट चांगलं हाती आलं तरी ठीक म्हणायचं. वनविभागाच्या आगारातल्या गोलावर हातोड्याचा ठसा असतो. बिल आणि वाहतूक पास दोन्ही मागा. स्वतःच्या शेतातलं सागवान असलं तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली परवानगी लागते. आधी अर्ज, मग कुऱ्हाड.

दुसरी लाकडं? येन (ऐन) जड आणि मजबूत, खिडकीवरच्या तुळईला उत्तम, पण सुकताना फुटतं, पल्ल्याला नको. बिजा चौकटीला चांगला, मात्र ओला झाला की रंग सोडतो, पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर डाग पडतात. कडुनिंब पिळवटतं. पाडलेल्या वाड्यातलं जुनं सागवान मिळालं तर पहिली पसंती त्याला. फक्त चिरण्याआधी चुंबक फिरवून खिळे काढा, नाहीतर करवतीचं पातं जाईल.

मातीभिंत

वर दोघांनी लाकडाचं नीट सांगितलं. मला भिंतीचं सांगायचंय, कारण तुमच्या दोन सिमेंटवाल्या खिडक्यांचं उत्तर तिथे आहे. मातीची भिंत जमिनीतून ओल वर ओढते आणि पृष्ठभागातून हवेत सोडते. सिमेंटने तो पृष्ठभाग बंद केला की ओल बाजूला सरकते आणि जिथे सिमेंट संपतं, म्हणजे चौकटीच्या लाकडात, तिथे निघते. नवी चौकट त्याच सिमेंटमध्ये बसवली तर तीही कुजेल. चौकटीभोवती चारी बाजूंनी किमान फूटभर सिमेंट काढा, हळू, छिन्नीने, ब्रेकर लावू नका, कच्ची वीट सैल होते. मग एक उन्हाळा भिंत उघडी ठेवून वाळू द्या. नवी चौकट त्यानंतर.

मातीत स्क्रू आणि अँकर धरत नाहीत. म्हणूनच जुन्या चौकटींच्या वरच्या-खालच्या आडव्या दोन्हीकडे बाहेर काढून भिंतीत गाडलेल्या असतात. सहा इंचांपेक्षा कमी नको. भिंतीत त्या जागी पक्क्या विटेची छोटी बैठक करा, चुन्याच्या मसाल्यात (एक भाग भिजवून चाळलेला चुना, तीन भाग वाळू), आणि टोक त्यावर टेकवा. उभ्यांच्या मधे दोन्हीकडे एक-एक लोखंडी होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरणारी पट्टी) द्यायचा असेल तर तोही अशाच विटेच्या बैठकीत. चौकट आणि भिंत यांच्यात चारी बाजूंनी चार सूत मोकळी जागा ठेवा, पाणसळ आणि ओळंब्याने चौकट पाचरीवर बसवा, मग ती फट भरा. बाहेरून चुन्याचा मसाला, आतून माती, शेण आणि गव्हाचं कुटार (भुसा). भिंत हजार ठिकाणी वाकडी असली तरी चौकट भिंतीला धरून नाही, ओळंब्याला धरून बसते. फट वरून कमी-जास्त दिसली तरी चालेल.

लाकडाच्या भिंतीत जाणाऱ्या अंगाला डांबर मारतात. लाकूड पूर्ण सुकलेलं असेल तर चालेल. अर्धवट ओलं असेल तर तेच डांबर ओल आत कोंडतं. मी तिथे तेलाचे दोन हात पसंत करतो.

चौकट भिंतीच्या बाहेरच्या कडेला आणू नका. बाहेरून चार ते सहा इंच आत ठेवली की वळचणीची आणि भिंतीच्या जाडीची सावली मिळते. बाहेरच्या उरलेल्या भागावर उतरती फरशी, कडेला भिंतीपासून दीड इंच पुढे, आणि फरशीचं आतलं टोक तळपट्टीच्या खाली जायला हवं. तळपट्टीला येऊन भिडलेली फरशी म्हणजे पाण्याला थेट आत यायची वाट.

मापं घेताना प्रत्येक खिडकीची रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण घ्या. सगळ्यात लहान माप धरून त्यातून एक इंच वजा करा, ते चौकटीचं माप. कर्णांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर आधी भोक दुरुस्त करा. खिडक्यांवर १ ते ११ नंबर टाका, तोच नंबर चौकटीच्या वरच्या आडव्यावर पटाशीने कोरायला लावा.

यूपीव्हीसी सरसकट वाईट नाही, न्हाणीघराला ठीक आहे. पण त्याची चौकट स्क्रूवर उभी राहते आणि कडेला सिलिकॉन लागतं, मातीवर दोन्ही टिकत नाहीत. शिवाय ती काचेची खिडकी. पश्चिमेच्या भिंतीला आपल्या ४५ अंशांच्या दुपारी बंद होणारा लाकडी पल्लाच हवा. काच हवीच असेल तर वरच्या दोन पल्ल्यांत चार मिलिमीटर जाड, आतून लाकडी पट्टीने धरलेली, आणि खालचे दोन भरीव ठेवा.

उधईबद्दल: एकच चौकट बदलून ती जात नाही, भिंतीतून येते. क्लोरपायरीफॉस (उधईवरचं कीटकनाशक) २० टक्के असेल तर एक लिटरला १९ लिटर पाणी. जोत्यालगत जमिनीत, दर फुटावर भोक, भोकाला एक लिटर, हे काम परवाना असलेल्या कीडनियंत्रणवाल्याकडून करून घ्या. विहीर जवळ असेल तर त्या बाजूला नकोच. नव्या लाकडाला बोरिक पावडर एक किलो, बोरॅक्स दीड किलो, ५० लिटर गरम पाण्यात विरघळवून तीन हात द्या. पावसाने ते धुऊन जातं, म्हणून वाळल्यावर वरून तेल किंवा रंग हवाच.

आर्वीकडचा_वाडा

खूप उपयोगी माहिती. आणखी दोन-तीन गोष्टी. उन्हाळ्यात तीन खिडक्यांत कूलर लागतो, सध्या तो तळपट्टीवर टेकवलेला आहे. सुतार मेलामाईन पॉलिश म्हणतात. आणि अडणारे पल्ले आत्ताच रंधून घेऊ का? पाऊस सुरू आहे.

झडप_वऱ्हाड

पाहा भाऊ, पावसाळ्यात पल्ला अडला म्हणून लगेच रंधा मारू नोका. जुलै-ऑगस्टात लाकूड फुगलेलं रायते. आता रंधा मारला का मंग मे महिन्यात बोट जाईन एवढी फट पडते. आधी पल्ला कोठी घासते ते पाहा. चौकटीच्या खाचेले खडू लावा, पल्ला लावून उघडा, जेथी खडू लागला तेथीच घासते. कब्ज्याच्या उलट्या अंगाचा खालचा कोपरा घासत असन तं लाकूड फुगलं नाही, वरचा कब्जा ढिला झाला, पल्ला लटकला. वरच्या कब्ज्याचे स्क्रू काढा, भोकात सागवानाची काडी सरस लावून ठोका, वाळू द्या, अन् दीड इंची पितळी स्क्रू मारा. पुष्कळ पल्ले एवढ्यानंच मोकळे होतात.

पूर्ण उंचीभर खडू लागला तं जुने रंगाचे थर पाहा. आठ-दहा हात रंग बसून एकेका अंगाले थर चढलेला असते. रंग काढा, लाकूड नाही. तरी अडलंच तं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हवा कोरडी झाल्यावर, दोन-दोन घासे मारत चला.

नवा पल्ला मे मधी बसवत असान तं चारी बाजूनं एक सूत जागा ठेवा. ऑगस्टात बसवत असान तं अर्धा सूत पुरते. खालच्या पल्ल्याले तीन इंची दोन कब्जे बस. पल्ला तीन फुटाच्या वर असन तं तीन लावा.

मातीभिंत

कूलर तळपट्टीवरून आजच उतरवा. तीन-चार महिने टाकीतून झिरपणारं पाणी आणि ओल्या गवताची हवा रोज त्याच लाकडावर आणि खालच्या मातीवर. भिंत तिथे आतून ढासळते, वरून कळतही नाही. बाहेर स्वतंत्र लोखंडी स्टँड ठेवा, भिंतीपासून तीन इंच दूर, टाकीचं पाणी सोडायची नळी भिंतीपासून लांब नेलेली. स्टँडचे पाय फरशीच्या तुकड्यावर.

कूलरच्या तोंडासाठी पल्ला कापू नका. कूलरच्या खिडकीला कब्जे काढता येण्याजोग्या पिनीचे लावा, मार्चमध्ये खालचे दोन पल्ले उचलून ठेवायचे आणि त्यांच्या जागी बाहेरच्या दर्जाच्या बारा मिलिमीटर प्लायची फळी बसवायची, तीत कूलरच्या तोंडाएवढं भोक. फळी चौकटीला फिरक्यांनी धरायची. जूनमध्ये फळी काढली की पल्ले परत. वरचे पल्ले मात्र उघडेच ठेवा आणि समोरच्या भिंतीची एक खिडकीही. हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर कूलर खोलीत नुसती दमट हवा भरतो आणि ती ओल लाकडातच जाते.

मच्छरदाणीची जाळीही अशाच सुट्या सांगाड्यावर, गजांच्या बाहेरच्या अंगाला, फिरक्यांनी. जाळी पल्ल्यावर खिळ्यांनी ठोकू नका, कडेला पाणी साचतं.

रंधा_पटाशी

मेलामाईन घरातल्या फर्निचरला ठीक, बाहेरच्या खिडकीला नाही. पश्चिमेच्या उन्हात त्याचा थर कडक होऊन तडकतो, तडकीतून पाणी जातं आणि थराखाली लाकूड काळं पडतं. बाहेरच्या पीयू (पॉलियुरेथेन) वार्निशचंही काही वर्षांनी तसंच होतं, आणि मग ते सगळं खरवडून काढल्याशिवाय नवा हात बसत नाही.

दोन मार्ग आहेत. लाकूड दिसायला हवं असेल तर उकळलेलं जवसाचं तेल. पहिला हात तेल आणि टर्पेंटाईन निम्मंनिम्मं, पुढचे दोन नुसत्या तेलाचे, प्रत्येक हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं तेल फडक्याने पुसून काढायचं. पुसलं नाही तर चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. कच्चं घाण्याचं तेल वापरू नका, वाळायला आठवडे घेतं आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी येते. दरवर्षी एप्रिलमध्ये एक पातळ हात. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेतं, आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दुसरा मार्ग रंगाचा. लाकडाचा प्रायमर एक हात, पुट्टी फक्त खिळ्याच्या भोकांत, एनॅमल दोन हात. पल्ल्याच्या वरच्या आणि खालच्या कडा रंगवून घ्या, त्या दिसत नाहीत म्हणून रंगारी सोडतो आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच. पॅनेल सांगाड्यात बसवण्याआधीच त्याच्या कडांना प्रायमर द्या, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात पॅनेल आखडलं की कडेला बिनरंगाची पांढरी रेघ दिसते.

जुना रंग काढताना जपा. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत शिसं बरंच असू शकतं. कोरडा पॉलिश पेपर मारू नका आणि गॅसच्या ज्योतीने जाळू नका. पाणी मारून ओल्याने घासा किंवा रंग काढायचं रसायन लावून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, तोंडाला धूळ रोखणारा मास्क, लहान मुलं आणि गुरं त्या दिवशी लांब. खरवड गोळा करून पोत्यात भरा, परसात किंवा उकिरड्यावर टाकू नका.

सुताराकडून लिहून घ्यायचं ते एवढं. लाकडाचं नाव आणि पांढरं नसल्याची अट. ओलावा कमाल १२ टक्के, माल उतरताना तुमच्यासमोर मोजायचा. चौकट आणि पल्ल्याची करवतीची आणि रंधलेली, दोन्ही मापं. सांधे कुसवाचे (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या भोकात बसणारे) आणि खुंटीचे, कोपऱ्यात खिळे नाहीत. तळपट्टीचा उतार आणि खालची खाच. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. कडी-कोयंडे आणि अडसर जुनेच साफ करून परत. सगळ्या खिडक्यांच्या आधी एक खिडकी पूर्ण करून बसवायची, तिच्यावर पावसाळ्यासारखं नळीने वीस मिनिटं पाणी मारायचं, आत थेंब आला नाही तरच बाकीच्यांचं लाकूड कापायचं. सुरुवात नंबर टाकलेल्या खिडक्यांतल्या पश्चिमेच्या एकीपासून करा, कारण तिथे टिकलं की इतरत्र टिकेल. सिमेंटवाल्या दोन मात्र भिंत वाळेपर्यंत शेवटी ठेवा.